घर बघायला आलेली गिटार

मावशीला मावशी म्हणणारी खरी भाची एकच. पण त्या एकीने लहानपणी जिन्यातून इतक्या मोठ्याने आणि इतक्या वेळा हाक मारली होती, की हळूहळू सगळी गल्लीच तिला मावशी म्हणायला लागली. कपडे शिवायला टाकणारे म्हणत, टपाल आणणारा म्हणे, आणि तिच्याहून वयाने चांगला मोठा असलेला खालचा रंगाचा दुकानदारसुद्धा म्हणे. मावशीची त्याला हरकत नव्हती. काय म्हणायचं ते म्हणा, फक्त पँटची उंची कमी करायला शनिवारी काम आवरताना येऊ नका, एवढंच तिचं म्हणणं असे.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातली रस्त्याकडची तिच्या शिवणकामाची. खिडकीशी कारखान्यात असतं तसं जड मशीन होतं. त्याचं बटण दाबलं की टेबलाखालची मोटर घुमायला लागे, आणि तुम्ही शिवा नाहीतर नुसते बसा, बंद करेपर्यंत एकसारखी घुमत राही. बाजूला कापडं बेतायचं टेबल, इस्त्री, धाग्याच्या रिळांची फळी, आणि फळीशेजारी खिळ्याला टांगलेली एक गिटार.

ही गिटार मुळात नवऱ्याची. लग्नाआधी मावशीवर छाप पाडायला त्याने ती जुन्या बाजारातून आणली होती. छाप पडली, लग्न झालं, आणि गिटारीचं काम संपलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याला डोळ्यांचं सगळं कळे, कानांच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता. चांगली वस्तू धूळ खात पडलेली मावशीला बघवेना. तिने एक स्वस्तातलं पुस्तक आणलं, चित्रं बघून बोटं कुठे ठेवायची ते शिकली, आणि पुढचं सगळं रेडिओ ऐकत ऐकत हाताने शोधून काढलं. सुया टोचून बोटांची टोकं आधीच घट्ट झाली होती, त्यामुळे तारांनी तिला फारसा त्रास दिला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती वाजवत बसे. आणि चांगली वाजवे, उगाच म्हणायचं म्हणून नाही. पण हे माहीत कोणाला, तर नवऱ्याला आणि भाचीला. जिन्यात पाऊल वाजलं की गिटार खिळ्यावर आणि मावशी मशीनवर.

ती भाची आता मोठी होऊन बासरी वाजवत होती. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत तिची चौकडी जमायची: ती स्वतः, अकॉर्डियन वाजवणारे दातांचे डॉक्टर, गाणारी एक नर्स आणि एक गिटारवाला. वाचनालयाचं नवं दालन उघडणार होतं, त्या दिवशी यांचा कार्यक्रम ठरला होता, आणि नेमकी गिटारवाल्याची बदली झाली. भाची धापा टाकत जिना चढून आली ती थेट मुद्द्यावरच.

"मावशी, तू ये आमच्यात."

मावशीने टाचण्या तोंडात धरल्या होत्या, त्या एकेक काढून उशीत टोचल्या. मग म्हणाली, "मला काय येतंय? आणि मला चारचौघांत वाजवायची सवय नाही. त्यात वाचनालयाचा जिना उंच, माझा गुडघा हा असा."

"गिटार गुडघ्याने वाजवतात का?" आतल्या खोलीतून नवरा म्हणाला.

खरं सांगायचं तर मावशीला त्या क्षणी जिन्यात जाऊन नाचावंसं वाटत होतं. कोणाबरोबर तरी वाजवावं, आपण इकडून एक ओळ टाकावी आणि तिकडून कोणीतरी ती उचलावी, ही तिची कित्येक वर्षांची इच्छा. पण ती कोणाजवळ बोललेली नव्हती, आणि न बोललेली इच्छा एकदम कबूल करायला माणसाला लाज वाटते. म्हणून तिने आणखी दोन कारणं सांगितली, भाचीने ती ऐकून घेतली, आणि रविवारी मावशी गेली.

गेली आणि सगळा विचका झाला.

पहिली ओळ वाजली मात्र, नर्सबाई गाता गाता थांबल्या. डॉक्टर म्हणाले, "जरा सूर मिळवून घेऊ या का?" त्यांनी अकॉर्डियनवर एक सूर धरला. मावशीला तो उतरलेला वाटला, पण नवीन माणसाने पहिल्याच दिवशी काय बोलायचं, म्हणून तिने मुकाट्याने खुंट्या पिळून तारा त्या सुराला लावल्या. मग पुन्हा सुरुवात. पण दोन गाण्यांच्या मध्ये जरा उसंत मिळाली, की मावशीचा हात तिच्याही नकळत खुंट्यांकडे जाई आणि तारा पुन्हा तिला 'बरोबर' वाटेल तिथे आणून ठेवी. ती तिच्या मते मदतच करत होती. असं तीनदा झालं. रोज दुसऱ्यांना वेडंवाकडं तोंड करायला लावणारे डॉक्टर शेवटी स्वतःच तसं तोंड करून बसले.

जिना उतरताना भाची म्हणाली, "तुझी गिटार म्हातारी झाली गं. खुंट्या सरकतात तिच्या." पोरीने मावशीला दुखवायचं नाही म्हणून सगळं गिटारीवर ढकललं होतं. मग जरा घुटमळून पुढे म्हणाली, "डॉक्टरांच्या दवाखान्यात एक जण येतो, तोही वाजवतो म्हणे. पुढच्या रविवारीही जमलं नाही, तर त्याला विचारू म्हणतायत ते. मी सांगितलं, आधी मावशीला नवी गिटार घेऊ द्या."

मावशी घरी आली ती फुरंगटूनच. "त्या डॉक्टरचा बाजाच उतरलेला आहे," तिने नवऱ्याला सांगितलं. पण बाजा उतरलेला असो की गिटार सरकलेली, पुढचा रविवार काही कोणासाठी थांबणार नव्हता. हातातोंडाशी आलेली जागा जाणार, या विचाराने त्या दुपारी तिने एका कोटाची बाही उलटी लावली. असलं तिच्या हातून कधी होत नसे.

सोमवारी ती मोठ्या बाजारातल्या शोरूममध्ये गेली. काचेचं दार, आत थंडगार, भिंतभर गिटारी. विक्रेता पोरगा उत्साही होता. त्याने मावशीला लाकडाबद्दल सांगितलं, चकाकीबद्दल सांगितलं, आणि ही गिटार नातवाला हवी आहे ना, असंही विचारलं. मावशीने एक हातात घेतली, एकदा सगळ्या तारा छेडल्या आणि म्हणाली, "बेसूर आहे."

"नाही काकू, आत्ताच लावलीय. हे बघा." त्याने गिटारीच्या डोक्याला चिमट्यासारखं यंत्र लावलं. हिरवा दिवा लागला.

मावशीने खुंट्या पिळल्या, आपल्याला हव्या तशा तारा लावल्या, आणि एक चाल इतकी सुरेख वाजवली की पलीकडे ढोल बघत असलेलं एक कुटुंब वळून बघायला लागलं. "ही आता सुरात आली," ती म्हणाली. यंत्रावरचा दिवा लालभडक झाला होता. पोराने ते झटकलं, त्यातली बॅटरी बदलली, दुसरी गिटार दिली. तीही बेसूर. तिसरीही. शेवटी तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "काकू, मी साहेबांना बोलावतो." साहेब येईपर्यंत मावशी बाहेर पडली होती.

मंगळवारी ज्या दुकानात गेली तिथे गिटारी होत्या, सायकलीच्या घंट्या होत्या आणि पंखेही होते. तिथल्या गिटारीबद्दल न बोललेलंच बरं. मालकाने तिच्यावरची धूळ पंख्याने उडवली, एवढं सांगितलं तरी पुरे.

"सगळ्या दुकानांतल्या सगळ्या गिटारी बेसूर कशा असतील?" रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं.

"आजकाल माल तसलाच येतो," मावशी म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता.

गिटारी बनवणाऱ्या तारवाल्यांचं नाव तिला खालच्या रंगाच्या दुकानदाराने सांगितलं. गिटारीला लावायचं लाखेचं पॉलिश न्यायला ते त्याच्याकडे येत. "माणूस विक्षिप्त आहे," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला लगेच माल देतच नाही. पण ज्याला देतो तो माणूस परत कधी दुसरीकडे जात नाही."

दुकान एका छपाईखान्याच्या मागे, तीन पायऱ्या उतरून होतं. पाटी एवढी लहान की मावशी दोनदा पुढे निघून गेली. आत सरसाचा आणि लाकडाच्या भुश्याचा वास होता, एका लांबलचक बाकावर पोट उघडं टाकलेली एक गिटार निजली होती, आणि तिच्यावर वाकलेला एक आडवा, संथ माणूस चष्म्यावरून बघत होता. मावशीची नजर आधी त्याच्या शर्टाकडे गेली. वरून दुसरं बटण भलत्याच शर्टाचं होतं आणि ते पांढऱ्या शर्टाला काळ्या दोऱ्याने लावलं होतं.

"या ताई. टेप घेऊन आलात, म्हणजे कामाला आलात," तारवाले म्हणाले.

मावशीने गळ्याला हात लावला. मापाची टेप घरून तशीच गळ्यात राहिली होती आणि ती तशीच अर्धं गाव फिरून आली होती. पण ती काही वरमणाऱ्यांतली नव्हती. "गिटारही अंगाला बसली पाहिजे की," ती म्हणाली. "कोटाचं माप घेतो, मग हिचं का नाही?"

तारवाले खूश झाले. एक स्टूल पुढे ओढून त्यांनी तिला बसवलं आणि मोठ्या पोटाची एक गिटार मांडीवर दिली. मावशीने हात वरून टाकून पाहिला, मग टेप काढून आपल्या खांद्यापासून कोपरापर्यंत माप घेतलं, मग गिटारीच्या पोटाची जाडी मोजली. "खांदा वर उचलतोय. तासभर वाजवलं तर मान धरेल. हिच्याहून लहान?"

त्यांनी लहान अंगाची दिली. ती तिच्या कुशीत नीट बसली. मावशीने गिटारीच्या मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला, दुमड तपासावी तसा, कुठे पितळेच्या पट्टीचं टोक टोचतंय का ते पाहत. कुठेच टोचलं नाही. तारा बोटांखाली फार उंच नव्हत्या. "या तारा अजून जरा बारीक लावू का?" तारवाल्यांनी विचारलं. "नव्या माणसांची बोटं सोलवटतात."

तिने बोटं पुढे केली. त्यांनी ती पाहिली आणि तारांचा विषय सोडून दिला.

गळ्यात अडकवायचे पट्टे एका खुंटीला लोंबत होते. त्यातला एक मावशीने ओढून पाहिला आणि नाक मुरडलं. "ही शिवण कोणाची? महिन्याभरात उसवेल आणि तुमची गिटार पायावर पडेल. पट्टा नको, मी माझा शिवीन."

"मग माझ्यासाठीही चार शिवा," तारवाले म्हणाले. आणि मावशीला वाटलं, हे दुकान आपल्याला आधी का सापडलं नाही.

पण मग ती सूर लावायला बसली आणि तारवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी चिमट्याचं यंत्र लावलं. लाल. दुसरं यंत्र काढलं. तेही लाल. मग खणातून ठरलेला एकच सूर देणारा जुना लोखंडी चिमटा काढून गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, आणि तोही मावशीच्या विरुद्ध साक्ष देऊन मोकळा झाला.

"गंमत आहे," ते डोकं खाजवत म्हणाले. "तारा एकमेकींशी अगदी जुळलेल्या आहेत. मी स्वतः एवढ्या बारीक लावत नाही. पण सगळ्या मिळून जरा वर चढल्यात. पूर्ण सूरभरही नाही, मधल्यामध्ये कुठेतरी. आणि तुम्ही दर वेळी त्याच जागी आणून ठेवताय."

दोन दिवस मावशीने सगळ्या जगाला बेसूर ठरवलं होतं. आता तीन-तीन साक्षीदार समोर बसल्यावर तिला स्वतःचीच शंका आली. तिने गिटार हळूच बाकावर ठेवली. आवाज खाली आणून तिने विचारलं, "माझा कान गेलाय का हो?"

तारवाल्यांनी खोटा धीर दिला नाही. "कान गेलेला माणूस दर वेळी एकाच जागी चुकत नाही. पण मग हे काय आहे, ते मलाही कळत नाही." त्यांनी निराळ्या बटणाचा तो शर्ट जरा सारखा केला. "माझ्याकडे एक नियम आहे. गिटार आधी घर बघायला येते. दुकानात एक वाजतं आणि घरी दुसरंच काहीतरी वाजतं, मग लोक परत आणतात आणि माझ्या डोक्याला ताप होतो. तुम्ही जिथे रोज वाजवता तिथे हिला मी घेऊन येतो. तिला स्थळ पसंत पडलं तर ठेवा."

"आणि मी तिला पसंत पडले नाही तर?"

"तर चहा पिऊन परत येऊ आम्ही दोघं."

शुक्रवारी संध्याकाळी ते आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती, पण गिटारीची पेटी त्यांनी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली होती. मावशीने कापायचं टेबल आवरून ठेवलं होतं, चहा झाला होता, बिस्किटं बशीत होती, आणि नवरा स्वच्छ शर्ट घालून पाहुण्यासारखा बसला होता. परवावर रविवार आला होता. मावशीने त्या आठवड्यात नीट झोप काही घेतली नव्हती.

"वाजवा," तारवाले म्हणाले.

मावशी गिटार घेऊन आपल्या नेहमीच्या जागी, मशीनशेजारच्या खुर्चीत बसली. तारवाल्यांनी दुकानातून निघताना तारा जगाच्या सुरात लावून आणल्या होत्या. तिने एक छेडली. पुन्हा एक. हात काही चालेना. काहीतरी कमी आहे असं तिला वाटत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. तारवाले बिस्किट चहात बुडवून वाट बघत होते. ते बिस्किट तुटून कपात पडलं तरी तिची सुरुवात होईना.

"अगं, मोटर लावायची राहिली की," नवरा म्हणाला.

"आत्ता कशाला? पाहुणे बसलेत."

"वाजवताना लावतेसच ना तू नेहमी." आणि उठून त्याने मशीनचं बटण दाबलं.

टेबलाखाली मोटर घुमायला लागली. मावशीचे खांदे एकदम खाली आले. डावा हात थेट खुंट्यांवर गेला, एक, दुसरी, तिसरी, आणि पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळ्या तारा वर चढून बसल्या. मग ती वाजवायला लागली आणि काय सुंदर वाजवलं. नवरा बिस्किट खात मान हलवत होता. त्याच्या दृष्टीने सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

तारवाल्यांनी मात्र कप खाली ठेवला. ते उठले. मशीनपाशी आले, वाकले, मग मोठ्या प्रयासाने चक्क जमिनीवर बसले आणि डोकं टेबलाखाली घातलं. कान मोटरला लावला. खिशातून यंत्र काढून मशीनच्या लोखंडी पायाला चिमटलं. आणि मग टेबलाखालून त्यांचं हसू ऐकू आलं, आधी दबलेलं, मग सगळी फळी हलेल इतकं मोठं. दोन रिळं खाली पडली.

"काय झालं?" मावशीने हात थांबवून विचारलं.

"ताई, तुमचा कान गेलेला नाही," ते आतूनच म्हणाले. "तो इथं खाली बसलाय. ही मोटर ज्या सुरात घुमते ना, तो ना इकडचा ना तिकडचा, दोन सुरांच्या मधला. तुम्ही आयुष्यभर गिटार हिच्याशी लावत आलात. तुमच्या डोक्यात हाच सूर पक्का बसलाय. मग डॉक्टरांचा बाजाही बेसूर आणि माझं दुकानही बेसूर."

मावशीने मोटरकडे पाहिलं, जणू ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसली. ती आपली घुमतच होती.

"पण मोटर लावायची कशाला?" बाहेर निघून गुडघे झटकत तारवाल्यांनी विचारलं.

"मला वाटायचं, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून," नवरा म्हणाला.

मावशीने गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "सासूबाई आतल्या खोलीत दुपारी पडायच्या. मशीनचा आवाज आला की सून कामात आहे असं त्यांना वाटायचं. नुसती गिटार ऐकू आली असती तर काय म्हणाल्या असत्या? म्हणून मोटर लावून वाजवायचे. मग तशीच सवय पडली."

"अगं, आई जाऊन किती वर्षं झाली," नवरा म्हणाला.

"मोटरला कुठे माहीत," मावशी म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. ते तिने टेपच्या टोकाने पुसलं. तिचा जीव भांड्यात पडला होता. तारवाल्यांच्या दुकानातून आल्यापासून ती आपला कान गेला, आपली बोटं गेली, आता काही जमायचं नाही असं धरून चालली होती. आणि निघालं काय, तर मोटर.

तारवाले पुन्हा खुर्चीत बसले. आता त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. "खरं सांगायचं तर तुम्हाला नवी गिटार लागतच नाही. ती खिळ्यावरची चांगली आहे, मी बघितली. तिच्या खुंट्या मुळीच सरकत नाहीत. सूर खाली घेतला की झालं."

नवरा या माणसाकडे बघतच राहिला. दुकानदाराने आपल्याच पायावर असा धोंडा पाडून घेतलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

मावशीने खिळ्यावरच्या गिटारीकडे पाहिलं, मग मांडीवरच्या लहान गिटारीकडे. "नाही," ती म्हणाली. "ती या मोटरची झालीय. तिला तसंच राहू दे. बाहेरच्या लोकांसाठी मला दुसरी लागेल."

"आणि ती पहिली तरी नावाला माझी होती," नवरा म्हणाला. "ही तुझी स्वतःची."

किमतीवरून मग मावशीची आणि तारवाल्यांची थोडी ओढाताण झाली, पण ती रीत म्हणून. तारवाले पट्ट्यांची ऑर्डर देऊन उठले, तर मावशीने त्यांना दारात अडवलं, शर्ट अंगावर असतानाच ते निराळं बटण उसवलं आणि डब्यातून जुळणारं शोधून पांढऱ्या दोऱ्याने पक्कं केलं. "हलू नका, टोचेल," ती म्हणाली. ते श्वास रोखून उभे राहिले.

पण खरा प्रश्न अजून तसाच होता. मावशीला आपला हात चांगला ठाऊक होता. रविवारी जरा उसंत मिळाली की तो पुन्हा खुंट्यांकडे पळणार. डोक्याला पटलं म्हणून हाताला पटतं असं थोडंच आहे. शनिवारी सकाळी तिने यावर विचार केला, आणि शिंपिणीने करावा तोच उपाय केला. कोटाच्या उरलेल्या जाड कापडातून तिने गिटारीच्या डोक्याचं माप घेऊन एक टोपी शिवली. आत अस्तर, मागच्या बाजूने एकापाठोपाठ एक काजं आणि त्यांत घट्ट बसणारी लहान बटणं. ती टोपी चढवली की खुंट्या सगळ्या आत, आणि हाताला त्यांच्यापर्यंत पोहोचायचं असेल तर बसून एकेक बटण काढावं लागणार. तेवढ्या वेळात शुद्ध येते.

रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत डॉक्टर तिला पाहून जरा जपूनच हसले. नर्सबाईंनी पाण्याची बाटली उगाचच उघडून बंद केली. मावशीने पेटी उघडली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमचा सूर द्या."

त्यांनी दिला. तिला तो आजही खालीच वाटला. कान सांगत होता, चूक आहे, चूक आहे. तिने कानाचं ऐकलं नाही. तार डॉक्टरांच्या सुराशी इतकी नेमकी लावली की दोन्ही आवाज एकात एक मिसळून गेले. बाकीच्या तारा तिच्याशी लावल्या. मग खिशातून टोपी काढली, गिटारीच्या डोक्यावर चढवली, आणि सगळी बटणं लावली. भाची तोंडाला हात लावून बघत होती.

पहिलं गाणं सुरू झालं. सुरुवातीला मावशीला परक्याच्या घरात अंधारात चालल्यासारखं वाटलं. गाणं संपलं, उसंत मिळाली, आणि हात निघालाच खुंट्यांकडे. कापडावर आपटला. मावशी स्वतःशीच हसली. दुसऱ्या गाण्यातही तो एकदा गेला आणि परत आला. तिसऱ्या गाण्यात मधे एका ठिकाणी बासरी थांबायची होती आणि तिथे गिटारीने एकटीने एक ओळ वाजवायची होती. मावशीने ती वाजवली. आणि तिचं शेवटचं टोक हवेत असतानाच पलीकडून अकॉर्डियनने ते उचललं, पुढे नेलं, आणि नर्सबाईंनी त्याच्यावर आवाज टाकला. मावशीच्या अंगावर काटा आला. मोटर सोबतीला होती खरी, पण तिने असं कधी काही उचललं नव्हतं.

गाणं संपल्यावर सुराबद्दल कोणीच काही बोललं नाही. डॉक्टरांनी कागद उलटला आणि विचारलं, "पुढचं घ्यायचं?" एवढंच. दवाखान्यातल्या त्या माणसाचा विषय निघाला नाही. पेटी भरताना भाचीने टोपीवरून बोट फिरवलं. "आता काढ की ही, मावशी."

"राहू दे अजून. पुढच्या रविवारी बघू," मावशी म्हणाली. आणि 'पुढच्या रविवारी' हे शब्द तोंडातून इतके सहज गेले याचा तिलाच मोठा आनंद झाला.

ती घरी आली तेव्हा जिन्यातच तिला मोटरचा आवाज ऐकू आला. नवऱ्याने तिची चाहूल घेऊन आधीच बटण दाबून ठेवलं होतं. बायको आली की वाजवून दाखवेल, आणि वाजवायचं म्हणजे मोटर हवी, हे त्याला एवढ्या वर्षांत पाठ झालं होतं.

"जमलं?" त्याने विचारलं.

"जमलं." तिने पेटी टेबलावर ठेवली, मशीनपाशी गेली आणि बटण बंद केलं. मोटर हळूहळू मंदावत थांबली. खोली एवढी शांत झाली की खालच्या रंगाच्या दुकानात डबा ठेवल्याचा आवाज वर आला. नवरा गोंधळून उभा राहिला.

"बसा," मावशी म्हणाली.

तो बसला. तिने लहान गिटार कुशीत घेतली आणि तीच ओळ वाजवली, मधली, एकटीने वाजवायची. नुसती. नवरा सुट्टीच्या दर दुपारी आतल्या खोलीत पडून हिचं वाजवणं ऐकत आला होता, पण ते नेहमी त्या घुमण्याच्या पलीकडून येत असे, आणि गिटारीचा आवाज असाच असतो अशी त्याची समजूत होती. आता तो हातातला चष्मा तसाच धरून बसून राहिला.

जिन्यात कोणाची तरी पावलं वाजली. मावशीचा हात तारांवर थबकला. नवऱ्याने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दार लावून घेऊ?" त्याने विचारलं.

"नको," मावशी म्हणाली. "असू दे उघडं." आणि तिने पहिल्यापासून वाजवायला घेतलं.